मावशींच्या परसातला वेल

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. गाडीच्या स्प्रिंगच्या तुटलेल्या पाट्यापासून लोहाराने मला घडवले. पुढे कंद संशोधन केंद्रातल्या बाईंच्या पिशवीत मी बारा वर्षे काढली.

आमच्या भागात दोन्ही वेळचे जेवण म्हणजे रताळी. एका वर्षी त्यांच्यावर रोग आला. पाने आक्रसली आणि मी उकरावे तिथे बोटाएवढी मुळे निघू लागली. केंद्राने वाटलेला भरघोस पिकणारा वाण तर पहिल्या झटक्यात गेला. रोगाला दाद न देणारा एखादा गावरान वाण मिळतो का, हे शोधत बाई घरोघरी हिंडू लागल्या.

चढावरच्या एका घरामागे सगळे वाफे पिवळे पडले होते. मोरीच्या कडेला मात्र एकच वेल हिरवागार होता. घरातल्या म्हाताऱ्या मावशी हसल्या.

"त्याला कोण खातंय? लवकर शिजत नाही. सासूबाईंनी लावलेला, म्हणून ठेवला. त्याही तशाच होत्या, शिजायला अवघड!"

मी अलगद माती उकरली. मुठीएवढे निरोगी कंद दिसले, तेव्हा बाईंनी लावायला थोडा वेल मागितला. मावशींनी वेलाचे चार तुकडे बेण्यासाठी दिले.

"जगला तर सांगायला ये गं पोरी."

"मी स्वतः येईन, मावशी."

केंद्रात तो वेल मुद्दाम रोगट वेलांमध्ये लावला. पहिल्या वर्षी तो तगला. पण बाईंना पक्की खात्री हवी होती. तीन वर्षांत गावोगावहून आणलेले इतर एकेचाळीस वाण वाळून गेले, तो हिरवाच राहिला. मग बेण्याची मोळी घेऊन बाई चढ चढल्या.

दारात मावशींची सून होती.

"सासूबाई मागच्या साली गेल्या. खायला काही उरलं नाही, तेव्हा तो वेलही खणून खाल्ला. त्यांनी स्वतःच्या वाटचं नातवंडांना दिलं. म्हणायच्या, बेण्याची काळजी नको, त्या पोरीकडे आहे."

बाई पायरीवर बसल्या. "पहिल्याच वर्षी माझ्याकडे परत देण्याइतकं बेणं होतं," एवढेच त्या बोलल्या. सुनेने मोळी उचलली आणि दोघी वाफ्याकडे गेल्या. त्या दिवशी माझी मूठ ओली होती.

आज तो वाण साऱ्या भागात पिकतो. लोक त्याला 'केंद्राचा वाण' म्हणतात. बाई निवृत्त झाल्या आणि मी कोठीत गंजत पडले आहे.

मित्रांनो, मला धार लावली नाही तरी चालेल. पण कुणी जपलेले तुमच्या हाती आले, तर त्या माणसाकडे वेळेत परत जा. पुरती खात्री होण्याची वाट पाहत बसू नका.