फाइलीत लिहायचा मान

हरिश्चंद्र परबांनी मुंबईहून लिंक पाठवली आणि हुंबरवणे गावात भडका उडाला. साधी लिंक हो! देवळाला साठ वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची, तिची फाइल सगळ्यांनी उघडावी आणि आपापला मजकूर भरावा, एवढाच त्या बिचाऱ्या लिंकचा गुन्हा. पण गावात ज्याने ज्याने ती उघडली, त्याला वर पिवळ्या पट्टीत एकच वाक्य दिसलं: ‘तुम्हाला ही फाइल फक्त पाहता येईल.’

दिव्या तेव्हा भाकऱ्या थापत होती. ती ग्रामपंचायतीत संगणक चालवते, त्यामुळे गावातल्या कुठल्याही मोबाइलला शिंक आली की लोक आधी तिच्या अंगणात येतात. पाच मिनिटांत पहिले मानकरी गुणाजी गावकर हजर. स्वतःकडे बटणांचा फोन, पण शेजाऱ्याच्या फोनवर त्यांनी पिवळी पट्टी वाचली होती.

“गो दिव्या, ह्या काय? पालखीक पयलो खांदो माझो, आणि माका फक्त बघूचो मान? बघूक मी काय जत्रेक इलेलो पावणो?”

“काका, ह्यात मानाचा काय नाय. परबकाकांचा खाता पैसे भरलेला आसा, आपली फुकटची. फुकटवाल्यांका बघूक मिळता, लिवक नाय.”

“म्हणजे आमी फुकटे?” म्हणत गुणाजी तरातरा निघून गेले. दिव्याने कपाळावर हात मारला, तो पिठाचा होता.

तिला मानाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला हवं होतं त्या फाइलीत एक पान. तिच्या आजेसासूसाठी, ऐंशी वर्षांच्या यमुनाबाईंसाठी. देऊळ बांधलं तेव्हा व्हाळातली, म्हणजे गावच्या ओढ्यातली, वाळू गावातल्या बावीस बायकांनी डोक्यावरून वाहिली होती. अख्खा वैशाख, अनवाणी, फुकट. देवळाच्या फरशीवर नावं लागली ती पाच मानकरी पुरुषांची. “दगडार नाय तर नाय,” यमुनाबाई म्हणायच्या, “कागदार तरी येवंदेत.” त्या बावीसजणींतल्या त्या एकट्याच आता उरल्या होत्या. दिव्याने त्यांना शब्द दिला होता आणि शनिवारी सकाळी फाइल कुडाळच्या छापखान्यात जायची होती. हाती तीन दिवस.

तिने हरिश्चंद्रांना फोन लावला. ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. गावाशीसुद्धा ते टिपणी लिहिल्यासारखं बोलतात.

“परबकाका, मी फाइल उतरवून घेते, एक पान भरते आणि तुम्हाला परत पाठवते.”

“मुळीच नाही. मूळ प्रत एक म्हणजे एकच. मागे जत्रेच्या पत्रिकेच्या अकरा प्रती फिरल्या आणि छापली कोणती? जिच्यात देवीचंच नाव राहिलं होतं ती!”

“मग तुम्हीच भरा ना. मी नावं सांगते.”

“मी फक्त तंत्र पाहतो. मजकूर हा मानकऱ्यांचा विषय.” मग मोठा उपकार केल्यागत म्हणाले, “माझ्या खात्यातून एका पाहुण्याला लिहिण्याचा अधिकार देता येतो. एकालाच. गावाने नाव कळवावं.”

झालं! आगीत तेल म्हणतात ते हेच. गुरुवारी देवळात बैठक बसली. दुसरे मानकरी मंगेश परब सुरुवातीलाच उभे राहिले. “हरिश्चंद्र आमच्या भावकीतलो. खाता परबांचा, तर लिवचो मान परबांचो.”

“सुतारान पालखी केल्यान, म्हणान ती सुताराची झाली?” गुणाजी गरजले.

दिव्याने मधे तोंड घातलं. महिन्याला एका पापलेटाच्या किमतीत पैसेवालं खातं मिळतं, असलं एक गावासाठी घेऊया, की भांडणच मिटलं. काहींनी माना डोलावल्या. तिला वाटलं, पटलं. कसलं पटतंय! मंगेशनी विचारलं, “खाता कोणाच्या नावार?” आणि पुढचा अर्धा तास त्याच्यावर गेला. शेवटी कंटाळून ती म्हणाली, “माझ्या नावार घेतंय, पैसे मी भरतंय.” तेव्हा मात्र मंगेश आणि गुणाजी यांचं त्या दिवसात पहिल्यांदाच एकमत झालं: गावची फाइल कालच्या सुनेच्या खात्यात जाता कामा नये.

“मगे त्या बायकांच्या पानाचा तरी ठरवा.”

“बायकांची नावां?” गुणाजी हसले. “वाळू व्हावली म्हणान कोण मानकरी होता काय गो?”

दिव्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण घरी जाऊन म्हातारीला काय सांगायचं, याच्या काळजीने तिने जीभ आवरली.

माणसांच्याने सुटेना म्हणून प्रश्न देवीकडे गेला. शुक्रवारी सकाळी गंगाराम गुरवाने मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हा गावचा कौल. गंगारामने गाऱ्हाणं घातलं, “गे आई माउली, हरिश्चंद्रान जी फाइल केल्यान, तिच्यात लिवचो मान कोणाक, तो तूच दी. आणि जो कोण आडवो येयत तेका सरळ कर गे माये!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले. आडवा कोण येणार ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

पहिलं नाव गुणाजींचं विचारलं. पाकळी पडली, उजवी.

“पंख्याच्या वाऱ्यान पडली!” मंगेश म्हणाले. पंखा बंद केला. पुन्हा विचारलं. पुन्हा उजवी. आता देवीपुढे कोण बोलणार? दिव्याने मनातल्या मनात देवीलाच चार शब्द सुनावले.

दुपारी गुणाजी इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून पंचायतीच्या संगणकापुढे बसले. आता त्यांचा ई-मेल काढणं आलं. पडद्यावर प्रश्न उमटला: ‘तुम्ही यंत्र नाही आहात, हे सिद्ध करा.’

“आवशीचो घो! पयल्या मानकऱ्याक इचारता ह्या?”

कशीबशी समजूत काढून दिव्याने तो ई-मेल हरिश्चंद्रांना कळवला आणि फाइल उघडली. पिवळी पट्टी गेली होती. गुणाजींनी आधी स्वतःचा फोटो मोठा करायला लावला, मग मंगेशचा लहान, मग आणखी लहान. मंगेश ओळखू येईनासे झाले तेव्हा ते खुर्चीत रेलले. “झाला मा?”

दाराजवळच्या बाकावर यमुनाबाई सकाळपासून बसून होत्या. त्यांच्याकडे बघत दिव्याने वही काढली. “काका, एक पान रवला.”

हातात सत्ता असली की माणूस जरा उदार होतो. “वाच, बघूया,” गुणाजी म्हणाले.

यमुनाबाईंनी सांगितलं तसंच तिने लिहून घेतलं होतं. ती वाचू लागली, “काशीबाई घाडी. नर्मदा परब. सावित्री राऊळ. गुणाजीची आवस...”

“थांब.” गुणाजी सरळ बसले. “माझी आवस? वाळू व्हावक?”

“होती तर,” बाकावरून यमुनाबाई म्हणाल्या. “डोक्यार वाळूची पाटी आणि कडेर तू. खाली ठेवला की भोकाड पसरीस मेल्या.”

गुणाजींनी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “गुणाजीची आवस असा छापतत काय? नीट नाव लिव.”

“सांगा,” दिव्या म्हणाली.

गुणाजी चार वर्षांचे असताना आई गेली, आत्याने वाढवलं. दाखल्यावर बापाचं नाव, सातबारावर बापाचं नाव. घरात कुणी तिला नावाने आठवलंच नाही. ‘तुझी आवस’ म्हणायचे, की झालं. अख्ख्या गावात लिहायचा अधिकार त्यांना एकट्याला मिळाला होता, आणि त्या ओळीत काय लिहायचं ते त्यांना माहीत नव्हतं. दिव्याला कालपासून आलेला राग कुठल्या कुठे गेला. तिला त्यांच्याकडे बघवेना.

गुणाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “काकी,” ते हळू आवाजात म्हणाले, “तिचा नाव काय होता गो?”

“द्वारका,” यमुनाबाई म्हणाल्या. “ह्या तिचा म्हायेरचा नाव. घरात कोणी घेतल्यान नाय. व्हाळार मात्र तिका सगळी द्वारकाच म्हणत.”

दिव्याने टाइप केलं. “काका, यादीत पयला घालू?”

“नको. जंय होती थंय रवांदे. आणि मंगेश नायतर कोणय काय म्हणांदे, ह्या पान हलता नये.” त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. “वाच.”

“द्वारका गावकर,” दिव्याने वाचलं.

“परत वाच,” गुणाजी म्हणाले.