मागचा डावा खूर

खुशालरावांनी बैलाचा पुढचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि कचेरीच्या आवारातली सगळी माणसं टाचा उंचावून पाहू लागली.

"दाखव," व्हरांड्यातून मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले. "मेण कुठल्या खुरात भरलंय?"

लिंबाखाली मनकर्णा बसली होती. खुशालराव तिचा नवरा. तो आज घरी यायचा की तुरुंगात जायचा, ते त्या मुक्या जनावराच्या पायाशी येऊन अडलं होतं.

सारा घोटाळा पोळ्याच्या तोरणाखाली झाला होता. एक बैल खुशालरावांचा, एक गावातल्याच नत्थुजींचा. दोन्ही पांढरे, शिंगांना एकच हिंगूळ, अंगावर उस्मान शिंप्यानं शिवलेल्या एकसारख्या झुली, कपाळावर डोळ्यांपर्यंत बाशिंगं. तोरण तुटलं, डफडी कडाडली, बैल उधळले. त्या धुळीत ज्याच्या हाती जो कासरा लागला तो धरून जो तो घरी गेला. खुशालरावांनी आपला बैल सणाच्या तोंडावरच परतवाड्याच्या बाजारातून आणला होता. त्याची अजून नीट ओळखही झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे वांग्यांची बंडी जुंपून ते अमरावतीला निघाले. मागून नत्थुजी शिपायाला घेऊन धावत आले आणि भर बाजारात त्यांनी खुशालरावांची गचांडी धरली. नत्थुजींच्या गोठ्यात उरलेल्या बैलाचा एक खूर चिरलेला निघाला होता आणि ती चीर कोणीतरी काळ्या मेणानं बुजवली होती. लंगडा देऊन धडका नेला! चोरी नाही तर काय?

"साहेब," खुशालरावांचे वकील वामनराव सकाळीच म्हणाले होते, "बैल नेला, हे आम्ही कबूल करतो. कासरा याच्याच हातानं धरला. पण सरकारी कायदा नुसत्या हाताला शिक्षा करत नाही. त्या हातामागं लबाड मन लागतं. ते मन कुठं आहे, ते फिर्यादीनं दाखवावं."

"मन काय कोनी खिशात घेऊन फिरते का?" नत्थुजी भडकले होते, आणि सगळी कचेरी हसली होती. मग मेणाचा खूर खुशालरावांना ठाऊक आहे का ते पाहायला साहेबांनीच तो चिरल्या खुराचा बैल आवारात आणवला होता.

खुशालरावांनी पुढचे दोन्ही पाय पाहिले. काही नाही. घाम पुसून ते मागं वळले आणि उजवा पाय उचलू लागले.

"ढोंग करून राहिला, साहेब!" नत्थुजी ओरडले. "यानंच तं भरलं मेन!"

मनकर्णेला राहवेना. तिचे ओठ आपसूक हलले.

"मांगचा डावा... मांगचा डावा पाहा ना जी..."

शेजारी बसलेल्या बाईनं झटकन मान वळवली. ती पार्बताबाई होती, नत्थुजींची बायको. गर्दीत सावली धरून दोघी एकमेकींना खेटून बसल्या होत्या.

मनकर्णेनं पदर तोंडात धरला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुपा-हळदीनं बैलाचे खांदे मळून झाल्यावर, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं त्याला म्हणताना तिनंच खुरावरचा चिखल काढला होता आणि तिच्या नखाला मेण लागलं होतं. मालक तर मिशीला पीळ देत गावभर बैल मिरवत होते. सण होऊ दे, मग सांगू, असं तिनं ठरवलं. पोळ्याच्या सांजेला दारात आलेल्या बैलाचे पाय धुताना तिच्या हाताला चारही खूर धडके लागले. तांब्या क्षणभर थांबला होता. मग तिनं पाणी ओतलं, कुंकू लावलं, पुरणपोळी चारली आणि दार मोकळं केलं.

पार्बताबाई उठून उभी राहिली. ओरडायला तिनं तोंडही उघडलं.

तेवढ्यात खुशालरावांनी मागचा डावा पाय उचलला. नखानं खरवडलं. काळा गोळा हातात आला आणि खालची उभी चीर उघडी पडली. ते नुसते पाहत राहिले. मग त्यांनी डोईचं मुंडासं काढून जमिनीवर आपटलं.

"अरे, त्या दलालाच्या मढ्यावर गवऱ्या! मले म्हने, हत्ती हाय हत्ती! आन् मी बी येडा, त्याले जिलबी खाऊ घातली! साहेब, मले टाका आत, पन आधी त्या परतवाड्याच्या भामट्याले धरून आना!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आवार हसून फुटलं. साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. खुद्द नत्थुजींनाही हसू आवरेना.

"असं ढोंग येत असतं, तर हा वांगी विकत बसला नसता," वामनराव म्हणाले.

पार्बताबाई अजून उभीच होती. तिनं खुशालरावांकडे पाहिलं, त्यांच्या नखातल्या मेणाकडे पाहिलं. मग पदर सावरून ती हळूच खाली बसली.

दुपार कलायच्या आत साहेबांनी निकाल दिला. इरादा नाही, म्हणून गुन्हा नाही. खुशालराव सुटले. ज्याचा बैल त्याला मिळाला. लोकांनी खुशालरावांना खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

फाटकाशी मनकर्णा लंगड्या बैलाचा कासरा धरून थांबली होती. पार्बताबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पाय धुतानी मले कयलं, ह्यो बैल आमचा नोहे. तवाच मी घरधन्याले सांगतलं." ती म्हणाली. "तुले बी कयलं असन."

वकिलानं, फौजदारानं, साहेबानं, कोणीही मनकर्णेला हे विचारलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"मंग बोलली काहून नाई?"

"चारी खूर धड होते, बाई."

पार्बताबाईनं खाली पाहिलं. बैलानं चिरलेला पाय उचलून धरला होता.

"पुढच्या पोयाले माह्या दारात येजो," ती म्हणाली. "आधी माह्या बैलाचे पाय धूजो. मंग आपल्या घरी जाजो."

आणि ती निघून गेली.

मुंडासं झटकत खुशालराव आले. चेहरा फुलला होता.

"आयकलं का? साहेब म्हने, मनात पाप नाई! अन् ते नत्थुजीची बायको काय भांडून राहिली होती?"

"भांडली नाई," मनकर्णा म्हणाली. तिनं कासरा सैल सोडला आणि बैलाच्या चालीनं पाऊल टाकलं. "पोयाचं आवतन देऊन गेली."