हशा ओसरेपर्यंत

मॉड टिंडलला त्या सिनेमावाल्यांची शिसारी आली होती. लंडनबाहेरचा तो पत्र्याचा स्टुडिओ, त्यात सिगारचा धूर, आणि सिनेमा उरकायची अशी घाई की जणू कुणी मागे काठी घेऊन लागलंय. विनोदी नट सिड ग्रिमशॉ तर व्हिनेगरमधले कांदे खाऊन थेट तिच्या तोंडाशी येऊन बोलायचा. किळस, नुसती किळस! तरी मॉड नाक मुठीत धरून टिकून होती, कारण ज्या नाटकावरून हा सिनेमा निघत होता, त्यातलं एक वाक्य तिचं होतं. सारा जन्म रंगमंचावर चहाचे ट्रे आणण्यात गेलेल्या बाईला या रहस्यनाटकाने पहिल्यांदा काही बोलायला दिलं होतं: "सर हम्फ्रींना मी मारलं. माझ्या पोरीला त्यांनीच तळ्यात लोटलं होतं."

तिच्या या वाक्याच्या आधी इन्स्पेक्टरच्या भूमिकेतला सिड म्हणायचा, "खुनी याच घरात आहे, आणि माझी विजारही त्याच्याकडेच आहे!" नाटकाच्या दौऱ्यात गावोगावी यावर थिएटर डोक्यावर घेतलं जाई. मॉड श्वास रोखून उभी राही, हशा ओसरला की मगच बोले. हे संहितेत लिहिलेलं नसतं, नाटकवाल्यांच्या अंगातच असतं.

कॅमेऱ्यापुढेही ती थांबली.

"कट!" दिग्दर्शक फ्रिस्बी खेकसला. "बाई, डुलकी लागली का?"

"हशा ओसरू द्या, साहेब."

"कुठाय हशा? इथे कोणी हूं केलं तर मीच हाकलीन, आवाज टिपतोय आपण."

"इथे नाही हो. लोक बघतील तेव्हा."

"लोकांचं मी बघतो. फिल्म काय झाडाला लागते? लगेच बोला, नाहीतर वाक्य सिडला देतो."

"दे की!" सिड ढेकर देत म्हणाला. "मला पाठ आहे."

मॉड मुकाट्याने लगेच बोलली. त्या दिवशी तिला स्वतःचीही किळस आली.

सिनेमा क्रॉयडनला लागला तेव्हा ती तिकीट काढून एकटीच गेली. विजारीच्या वाक्याला लोक पोट धरून हसले. पडद्यावर मॉडचे ओठ हलले. अक्षरही ऐकू आलं नाही. हशा थांबला तोवर सिड विजार शोधत पलंगाखाली शिरला होता.

"कोण गं खुनी?" मागे कुणीतरी विचारलं.

"कळेल आता. तो दाढीवाला असणार."

मॉडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, लोकांकडे वळली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "सर हम्फ्रींना मी मारलं. माझ्या पोरीला त्यांनीच तळ्यात लोटलं होतं."

रांगारांगांतून माना तिच्याकडे वळल्या.

"अगं बये!" मागची बाई तोंडातली टॉफी सावरत ओरडली. "आधी पाहिलाय तर गप्प बस ना! खुनी सांगून टाकलास, मेले, सगळी मजा घालवलीस!"

दारावरचा माणूस टॉर्च घेऊन धावत आला. त्याने तिच्या तोंडावर उजेड टाकला, नीट पाहिलं आणि दंड धरला.

"चला, बाहेर व्हा. कुठून कुठून येतात!"