आईचा दगड

एरिदू गावात देवाचं घर कधी पाडत नसत. पाण्याचा मालक एन्की, त्याला घर लहान पडू लागलं की ते आतून झाडायचं, सणासारखं लिंपायचं, देवाला शेवटचे मासे वाढायचे आणि मग विटांनी, वाळूनं ते काठोकाठ भरून टाकायचं. भरलेल्या घराचा झाला ओटा, आणि ओट्यावर नवं, मोठं घर. असं किती वेळा झालं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. देवाच्या दारात उभं राहिलं की अख्खं गाव, खजुरीची बनं आणि पलीकडची दलदल दिसायची, आणि सपाट मुलखातल्या माणसांना तेवढ्या उंचीचाही फार अभिमान होता.

त्यातला निम्मा अभिमान दिमतूरला स्वतःचा वाटे, कारण देवाच्या भिंती लिंपायचा मान तिच्या घराकडे होता. गारा थापायला काय, कुणीही थापतं, ती म्हणायची, घोटतं कोण ते विचारा. घोटायला तिच्याकडे एक काळा, गुळगुळीत, मुठीत मावणारा दगड होता. ज्या मुलखात कुत्र्याला भिरकावायला खडा सापडत नाही, तिथे असा दगड म्हणजे मिरवायचीच गोष्ट. तो तिला आईनं दिलेला, आईला तिच्या आईनं, आणि तिला तिच्या. ही वंशावळ दिमतूर येता-जाता ऐकवे, आणि सुनेला जरा जास्तच ऐकवे.

सून निनेझेम दलदलीतल्या कोळ्यांची. बोरूच्या झोपडीत वाढलेली ती. भिंत म्हणजे काय हे तिला लग्नानंतर कळलं, असं दिमतूरचं म्हणणं. पोरगी हसरी होती, कामाला वाघ होती, पण हाताला घाई फार. "तुझा हात मासे खवलायचा," दिमतूर म्हणे, "भिंतीला खवले नसतात, बाई." तिनं सुनेला गाऱ्यात हात घालू दिला होता, दगडाला कधी लावू दिला नव्हता. दिमतूरला मुलगी नव्हती. नव्या घराची पहिली भिंत घोटताना दगड सुनेच्याच हातात द्यायचा, हे तिनं मनाशी केव्हाच ठरवलं होतं. बोलून दाखवलं तर सून डोक्यावर बसेल म्हणून ती गप्प होती.

जुनं घर भरायचा दिवस आला. दोघींनी सकाळपासून भिंतींवर शेवटचा हात फिरवला. एक कोनाडा राहिला, अगदी जमिनीलगतचा, आणि दिमतूरचे गुडघे काही केल्या वाकेनात. तेव्हा नाइलाजानं तिनं दगड सुनेकडे दिला. "एवढं घोट आणि लगेच परत दे." निनेझेमनं कोनाडा असा घोटला की दिमतूरला नाव ठेवायला जागा उरली नाही, आणि त्यानं ती थोडी चिडलीच. तेवढ्यात पुजाऱ्यानं हाक मारली. माशांची पाटी निनेझेमच्या माहेरची, तेव्हा ती तिनंच दोन्ही हातांनी धरून आणायची होती. देव जेवला, बायका बाहेर पडल्या, आणि गवंड्यांनी आतल्या टोकापासून विटा रचायला सुरुवात केली.

संध्याकाळी अंगणात पाट्या धुताना निनेझेमचे हात थांबले.

"आत्याबाई, दगड..."

"दगडाचं काय?"

"कोनाड्यात राहिला."

दिमतूर काहीच बोलली नाही. जेवतानाही बोलली नाही, भांडी घासतानाही नाही. तिचा मुलगा दोन घास कसेबसे गिळून होड्यांकडे पळाला. सासू कडाकडा भांडली असती तर बरं, असं निनेझेमला वाटत होतं. दिमतूर मात्र पुढचं बघत होती. नव्या भिंती उभ्या राहतील आणि आपल्या घराकडे त्यांना द्यायला काय असेल, तर चिखलानं भरलेले चार हात. ते तर सगळ्या गावाकडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बांधकामावर पुजारी उरशूलकडे गेली. उरशूल गावाचा पुजारी खरा, पण लहानपणी ओल्या गिलाव्यावर पाय दिला म्हणून दिमतूरनं त्याला कान धरून बाहेर काढलं होतं, त्यामुळे तिच्यापुढे त्याचं पुजारीपण जरा सैल पडे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग समजावलं की आत गेलं ते देवाचं. एक वीट उपसली तरी देवाची झोपमोड, आणि गवंडी भिऊन काम टाकतील ते वेगळंच. दिमतूर म्हणाली, देवाला आत अंधारात काय घोटायचंय? त्यावर उरशूलला हसू आवरेना.

"मावशी, तुमच्या आईही अश्शाच भांडल्या होत्या. याच जागी, माझ्या बापाशी."

"कशावरून?"

"दगडावरून. मागचं घर भरलं तेव्हा त्यांचाही आतच राहिला."

दिमतूरला क्षणभर कळेचना. त्या वर्षी ती बाळंतिणीच्या खोलीत पडलेली होती. "मग माझा?" तिनं विचारलं.

"तो त्यांनी होडीवाल्याकडून घेतला, पाटीभर सुके मासे देऊन. कुणाला सांगू नका म्हणून बापाला शपथ घातली होती. मला घातली नव्हती."

दिमतूर विटांच्या ढिगावर मटकन बसली. आधी तिला आईचा रागच आला. जन्मभर मिरवलेली वंशावळ, आणि ती एका होडीवाल्यापाशी संपत होती! मग तिला आठवलं, दगड पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा ती म्हणाली होती की मला हा मोठा असेलसं वाटलं होतं. आई पटकन म्हणाली होती, "तुझा हात वाढलाय." आई तेव्हा तिच्याकडे बघतही नव्हती. पदराआड माशांची पाटी लपवून चोरासारखी घाटावर चाललेली आई तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि दिमतूर हसू लागली. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. इतक्या वर्षांत आई कधी एवढी जवळ आली नव्हती.

घरी सून चुलीपाशी बसली होती, काल दुपारपासून उपाशी. तिनं माहेरची शिंपल्यांची माळ गळ्यातून काढून मांडीवर ठेवली होती. होडीवाले दगड आणतात, ही देऊन एखादा मिळेल का, एवढंच तिनं विचारलं, तेही मान खाली घालून.

"घाल ती गळ्यात," दिमतूर म्हणाली. "सुके मासे घे पाटीभर. आणि आधी भाकरी खा, वाटेत पडलीस तर तुला कोण उचलणार?"

घाटावर वरच्या मुलखातून आलेली होडी लागली होती, डांबर आणि दगड घेऊन. होडीवाला एका हिरव्या दगडाचं कौतुक सांगायला लागला. तो गळ्यात घालायचा, भिंतीला नाही, असं दिमतूरनं त्याला गप्प केलं आणि ती मागे सरकून उभी राहिली. निनेझेमनं एकेक दगड तळहातावर घेतला, डोळे मिटून अंगठा फिरवला, परत ठेवला. तिच्या हाताला आज अजिबात घाई नव्हती. शेवटी एक करडा, साधा दगड तिनं उचलला. दिमतूरनं तो उलटसुलट करून पाहिला, खोट काढायचा खूप प्रयत्न केला, आणि पाटी होडीवाल्यापुढे सरकवली. वर त्याच्याकडून मूठभर डांबरही उकळलं.

पावसाळी वारे येण्याआधी नव्या घराची पहिली भिंत उभी राहिली. निनेझेम घोटत होती. दिमतूर सावलीत बसून बोरूच्या नळीनं जवाची बियर ओढत होती आणि चुका शोधत होती. गावच्या बायका बघायला जमल्या. त्यांतल्या एका नव्या नवरीनं दगडाला बोट लावून विचारलं, हा कुठून आणला हो?

निनेझेमचा हात थबकला. तिनं सासूकडे पाहिलं.

दिमतूरनं नळी तोंडातून काढली. "सांग की. माझ्या आईचा आहे. तिला तिच्या आईनं दिलेला."

 निनेझेम भिंतीकडे वळून पुन्हा घोटू लागली.

"आणि तिला तिच्या," ती म्हणाली.