दैवशालाचे सोमवार

तीर्थपुरीच्या त्या गल्लीत दैवशालाइतकी देवभोळी बाई दुसरी नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. सोमवार तिचा, गुरुवार तिचा, चतुर्थी तिची, दोन्ही एकादश्या तिच्याच. बारशाला बोलवावं तर हिचा नेमका उपवास, डोहाळजेवणाला बोलवावं तर हिचं काहीतरी व्रत. खरं सांगायचं तर दैवशालाला देवाधर्माची फारशी ओढ नव्हती. तिला गहू चालत नव्हता, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी ती वाळत चालली होती. खाल्लेलं अंगी लागेना, पोट सतत बिघडलेलं, अंगात रक्त नाही. अंगणवाडीत मदतनीस म्हणून पातेलंभर खिचडी उतरवताना तिला भोवळ यायची. शेवटी जालन्याच्या एका डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून तपासलं आणि सांगितलं, की तुमच्या आतड्याला गहू सोसत नाही. आयुष्यभर बंद. पोळी नाही, रवा नाही, मैदा नाही, कणभरसुद्धा नाही. हे औषधानं बरं होणारं दुखणं नाही, न खाण्यानं बरं होणारं आहे.

घरी आल्यावर तिच्या नवऱ्यानं, भारतनं, हे सगळं आपल्या आईला समजावून सांगितलं. गोजरबाईंनी शेंगा फोडता फोडता ऐकून घेतलं.

"आमच्या लहानपणी गहू सणाला दिसायचा," त्या म्हणाल्या. "हिला रोजचा मिळू राह्यला, तर हिला सोसंना. घ्या!"

दैवशालानं स्वतःसाठी वेगळी परात आणली, वेगळा तवा आणला, त्यावर ज्वारीची भाकरी सुरू केली. "एका घरात दोन संसार," गोजरबाई पुटपुटल्या आणि तो तवा खुंटीला आपल्या तव्यापासून लांब टांगला. सकाळी दैवशाला अंगणवाडीत गेली की तिची भाकरी त्याच करून ठेवत. करत, पण तोंड वाकडं करून.

घरातलं एक वेळ सोसता येतं. बाहेरच्यांनी तिचा जीव मेटाकुटीला आणला. आपल्याकडं माणसाला जेवू घालायचं म्हणजे जवळजवळ कुस्तीच. समोरच्यानं नाही म्हणायचं, आपण वाढायचं, त्यानं पानावर आडवा हात धरायचा, आपण बोटांच्या फटीतून वाढायचं. आष्टीला नात्यातल्या एका लग्नात यजमानीणबाई पुऱ्यांची परात घेऊन तिच्यासमोर उभ्याच राहिल्या. "एका पुरीनं काय होतंय? माझी शपथ हे." सगळी पंगत बघत होती. दैवशालानं अर्धी पुरी खाल्ली आणि पुढचा सगळा आठवडा अंथरुणात काढला. शपथ घालणाऱ्या बाईला त्याचा पत्ताही नव्हता.

बरं, एकदा सांगून भागलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच बायांना दर वेळी नव्यानं सांगायचं आणि त्यांनी दर वेळी नव्यानं चकित व्हायचं. गहू नाही? मंग शिरा? मंग शेवया? बिस्कीट तरी? मनाचं हे गं सगळं, मनात आणू नको म्हणजे काही होत न्हाई. ऐकून ऐकून दैवशाला थकली होती. दुखण्यापेक्षा दुखणं समजावून सांगण्याचा तिला जास्त शीण यायचा.

अशात श्रावणाच्या पहिल्या सोमवारी शेजारच्या साधनाताईंकडं नातवाचं जावळ होतं. साधनाताई म्हणजे गल्लीचं इंजिन. बचत गट त्यांचा, हळदीकुंकू त्यांचं, कुणाच्या घरी काय कमी पडलं तर ताई आधी हजर. त्यांनी ताटात लापशीचा डोंगर वाढला, वर तूप सोडलं. दैवशालानं तोंड उघडलं, आणि तेच ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं तिच्या जिवावर आलं.

"सोमवार हे ना ताई माझा," ती म्हणाली.

आणि काय नवल! ताट जागच्या जागी उचललं गेलं. "अगं बाई, आधी न्हाई का सांगायचं! पाप लागलं असतं मला." केळी आली, दूध आलं, शेंगदाण्याचा लाडू आला. कुणी शपथ घातली नाही, कुणी एक घास म्हटलं नाही. आजारी बाईला ज्यांनी कधी सोडलं नव्हतं, त्यांनी उपवासाच्या बाईला हात जोडून सोडलं. शिवाय भगर, साबुदाणा, राजगिरा, उपवासाच्या ताटात गव्हाचा कण नसतो. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य आणि देवानं सांगितलेलं पथ्य इतकं जुळेल, हे तिच्या आधी ध्यानातच आलं नव्हतं.

तेव्हापासून ती उपवास सांगतच सुटली. पण खोटं बोलणंही कष्टाचंच काम आहे. आज कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं. साबुदाण्यानं छातीत जळजळ व्हायची. सोमवारी स्वयंपाकघरात दाराकडं पाठ करून ती भाकरी खायची, चोरासारखी. एकदा अशीच खात असताना गोजरबाई दारात आल्या. क्षणभर उभ्या राहिल्या, दार ओढून घेतलं आणि निघून गेल्या. दैवशालाला वाटलं, एखाद्यानं तोंडावर थुंकावं तसं त्यांनी ते दार ओढलं.

भादव्यात तिचं पोट पुन्हा बिघडलं. बाहेर काही खाल्लं नव्हतं, घरात काही चुकलं नव्हतं, तरी ती आडवी पडली. "कुठून तरी गहू जातोच आहे ताई," डॉक्टर म्हणाले. "शोधा. असं वारंवार झालं तर आतडं सुधारणार नाही." तिनं कणीक मिसळलेला विकतचा हिंग बंद केला, लोकांकडचा चहा बंद केला, दळणाची गिरणी बदलली. काही सापडलं नाही. अंगणवाडीची इतकी रजा झाली, की मॅडमनी पुढच्या खेपेला दुसरी बाई बघावी लागेल म्हणून स्पष्टच सांगितलं. खोट्या उपवासांची ही शिक्षा असावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग दसऱ्यानंतर आपोआपच बरं वाटायला लागलं. का, ते तिला कळलं नाही, आणि शोधत बसायचं त्राणही नव्हतं.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले आणि साधनाताई हसतमुखानं ओट्यावर येऊन बसल्या.

"झाले गं बाई तुझे सोळा सोमवार! मी ध्यानात ठेवलेत. आता येत्या सोमवारी उद्यापन. गटाच्या बायांनी कामं वाटून बी घेतलीत. तू बिलकुल काही करायचं न्हाई."

दैवशाला नुसतं सोमवार म्हणाली होती, त्याचे सोळा सोमवार ताईंनी आपल्या मनानंच केले होते. आणि सोळा सोमवारच्या उद्यापनाला चुरमा लागतो. गव्हाच्या पिठाचा, तुपागुळातला. एक भाग देवाला, एक वाटायला आणि एक व्रत करणारीनं खायचाच.

"चुरमा मी करीन," आतून गोजरबाईंचा आवाज आला.

त्यांना सगळं माहीत होतं. दार ओढून घेणाऱ्या त्याच होत्या. म्हणजे आता चारचौघींत सुनेला अद्दल घडवायची, असा त्यांचा बेत दिसत होता. खाल्ला तर पुन्हा अंथरूण, आणि हातची नोकरी जाणार. नाही खाल्ला तर देवाच्या नावानं खोटं बोलणारी बाई म्हणून गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. तिनं भारतला सांगून बघितलं. तो दुरुस्तीला आलेल्या विहिरीच्या मोटारीत तांब्याची तार भरत होता, मान वर न करता म्हणाला, "घासभर खा, मंग बघू. आता गावभर झालंय ते." नवरा वाईट नव्हता. पण त्याला सगळं नंतर बघायची सवय होती.

सोमवारी दुपारी ती अंगणवाडीतून परतली तेव्हा घरात तुपाचा वास भरला होता. पातेल्यावर फडकं बांधलेलं होतं. आणि मोरीत तिची परात, तिची स्वतःची, वेगळी ठेवलेली परात, घासून पालथी घातली होती. शेजारी तिचा तवाही. दैवशाला तिथंच टेकली. म्हणजे गव्हाचं मळायला सासूला घरात दुसरी परात मिळाली नाही. भांडायला उठावं असं तिला वाटलं, पण अंगात तेवढाही जोर नव्हता. तिनं लुगडं बदललं आणि पातेलं घेऊन सासूच्या मागं निघाली.

साधनाताईंच्या अंगणात बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. पिंड, बेल, समई, सगळं जिथल्या तिथं. पूजा झाली, आरती झाली. गोजरबाईंनी पातेल्याचं फडकं सोडलं, नैवेद्याचा मुटका पिंडीपुढं ठेवला आणि मग सगळ्यात आधी सुनेच्या तळहातावर चुरम्याचा मुटका ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या.

सगळ्या बघत होत्या. साधनाताई तर कौतुकानं डोळे भरून बघत होत्या. दैवशालानं एकदा पिंडीकडं बघितलं. काय व्हायचं ते होऊ दे, पण हे एकदाचं संपू दे, एवढंच तिला वाटलं. तिनं घास तोंडात घातला.

घास खरबरीत होता. तुपाआड, गुळाआड काहीतरी अगदी ओळखीचं होतं. तिनं पुन्हा चावून बघितलं. रोज दोन वेळा जी चव तिच्या तोंडात असते ती तिला कळणार नाही होय? ज्वारी होती. खमंग भाजलेल्या भाकरीचा चुरमा होता. तिनं मान वर करून सासूकडं बघितलं. त्या दुसऱ्या बायांच्या हातावर मुटके ठेवण्यात गुंतल्या होत्या.

"काकू," साधनाताईंनी घास तोंडातच थांबवला, "हे गव्हाचं न्हाई ना?"

"ज्वारीचं हे."

"अहो, पण चुरमा गव्हाचा लागतो!"

"माझ्या सुनंला गहू चालत न्हाई," गोजरबाई म्हणाल्या. पातेलं त्यांनी खाली ठेवलं. "दोन वरीस झाले. डाक्टरनं सांगितलंय. कणभर गेला तरी आडवी पडती, म्या डोळ्यानं बघितलंय."

"पण देवाला…"

"देवाचं सांगू नको मला, साधना. त्यानं जहर पचवलं, त्याला ज्वारी जड जाती काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. मागून एकीनं विचारलं, "मंग इतके दिवस हिचे उपास?"

दैवशालाची मान खाली गेली. गोजरबाईंची गेली नाही.

"ते देवाचे उपास नव्हते, तुमच्या आग्रहाचे व्हते," त्या म्हणाल्या. "नको म्हणलेलं तुम्हाला ऐकू येत न्हाई. मंग काय करावं तिनं? खोटं बोलली. म्या बी ऐकलं, अन् गप बसले."

साधनाताईंचा चेहरा उतरला. "मला सांगायचं की गं," त्या दैवशालाला म्हणाल्या. "मी काय परकी हे का?"

"सांगितलं होतं, ताई," दैवशाला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "लई बार सांगितलं."

साधनाताईंनी आपल्या हातावरचा मुटका संपवला.

घरी आल्यावर गोजरबाई ओट्यावर बसल्या आणि पदरानं मान पुसली.

"तुला एक सांगायचं हे," त्या रस्त्याकडं बघत म्हणाल्या. "पावसाळ्यात जुन्या ज्वारीला चिकी राहत न्हाई. भाकर थापताना फाटती. म्हून तुझ्या पिठात मी मूठभर कणीक टाकीत व्हते. मूठभरानं काय होतंय म्हणलं. भाकर बी चांगली यायची. अन् तू भादव्यात पडली. आधी कळलंच न्हाई मला. मंग एक दिवस कणकीत हात घातला, अन् हात तसाच राह्यला. तवापासून तुझ्या पिठात कणीक बंद."

भादव्यातलं ते दुखणं, ती रजा, गिरणी बदलणं, देवाची शिक्षा म्हणून स्वतःलाच लावलेला बोल, सगळं दैवशालाच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला राग यायला हवा होता. आलाही. पण तो फार वेळ टिकला नाही, कारण समोर बसलेली म्हातारी पहिल्यांदाच तिच्या नजरेला नजर देत नव्हती.

"मंग आता भाकरी फाटत न्हाई का, आत्याबाई?" तिनं विचारलं.

"उकळतं पाणी घालून मळती. बराबर थापल्या जाती." गोजरबाईंनी हात पदराखाली घेतले, पण त्याआधी दैवशालाला ते दिसले होते. तळवे लाल होते, एका बोटाला फोड होता.

"संध्याकाळपासून मी मळत जाईन," दैवशाला म्हणाली.

"जाय मळ. आज म्या करून ठेवली हे. खाऊन घे, नुसत्या चुरम्यावर राह्यली."

दैवशाला आत गेली. तिनं भाकरी घेतली, वर पिठलं घेतलं. सवयीनं दाराकडं पाठ करून बसणार, तेवढ्यात थांबली. ताट घेऊन ती बाहेर आली आणि सासूच्या शेजारी ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून बसली. सोमवार होता. दिवस अजून मावळला नव्हता.

साधनाताई पूजेची भांडी घेऊन समोरून चालल्या होत्या. त्यांची नजर ताटावर पडली. पाय थांबले. आता काही वाढायला धावतील म्हणून दैवशालानं नकळत ताटावर हात आडवा धरला.

"जेव," साधनाताई म्हणाल्या, आणि पुढं गेल्या.

दैवशालानं हात बाजूला केला आणि भाकरीचा तुकडा मोडला.