मक्याचं लोणचं

स्मिताने त्या सापाचं नाव मक्या ठेवलं आणि सिंगापुरातल्या यिशुन भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये त्यावरून चांगलंच वाजलं.

"मक्या माझ्या धाकट्या भावाचं नाव आहे," अनघाबाई म्हणाल्या. या तिच्या सासूबाई, मे महिन्यापुरत्या पुण्याहून मुलाकडे आलेल्या. "चांगला साठीचा गृहस्थ आहे तो. बँकेतून रिटायर झालाय."

"आई, हा कॉर्न स्नेक आहे. कॉर्न म्हणजे मका. म्हणून मक्या."

"मग मकरंद म्हणजे काय मका?"

पद्माकर, म्हणजे स्मिताचा नवरा, लॅपटॉपमध्ये असं काही डोकं खुपसून बसला की जणू सगळ्या बँकांचे सर्व्हर त्याच्याच खांद्यावर उभे आहेत.

सिंगापुरात घरी साप पाळायला बंदी. तरी कुणीतरी तो चोरून आणला आणि मग घाबरून सेम्बावांग भागातल्या एका इमारतीच्या जिन्यात डब्यात घालून सोडून दिला. पेन्सिलीएवढं, केशरी रंगाचं, बिनविषारी पिल्लू. ते आलं चोआ चू कांग भागातल्या एका लहानशा परवानाधारक प्राणी केंद्रात. तिथे ससे, कासवं आणि पोपट होते. साप कुणी कधी सांभाळला नव्हता. स्मिता तिथे आठवड्यातून काही दिवस मदतीला जाई. केंद्राच्या प्रमुख मिस ओंग डबा हातात घेऊन गोंधळलेल्या असताना हिने पुढे होऊन सांगितलं, "मी बघते याचं." हौस कुणाला सांगून येत नाही.

पण मक्या जेवेना. उंदराचं गुलाबी पिल्लू, फ्रीझरमधून काढून कोमट पाण्यात नीट गरम केलेलं, चिमट्याने पुढे धरलं की हा तोंड फिरवायचा. शेजारी ठेवून डबा झाकला, तरी उघडल्यावर पिल्लू तसंच. मक्याच्या पाठीचा कणा आता कातडीवर उठून दिसायला लागला होता. डॉक्टरांनी त्याला हातात घेऊन बघितलं आणि मिस ओंगना बाजूला नेलं.

"शनिवारी परत बघायला येतायत ते," मिस ओंग नंतर आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या. "तोवर खाल्लं नाही तर इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं. सॉरी लाह, स्मिता. उपाशी तडफडत ठेवणं बरं नाही."

बसमध्ये स्मिताला रडू आलं. सापासाठी कुणी रडतं का, असं तिने स्वतःलाच दटावलं, पण उपयोग झाला नाही.

घरी तिने सगळं सांगून टाकलं. अनघाबाई भेंडी चिरत होत्या. सापाचा विषय निघाला की पाय खुर्चीवर घेऊन बसणाऱ्या या बाईंचा हात उपाशी पोराचं ऐकून थांबला.

"दूध देऊन बघ."

"आई, साप दूध पीत नाहीत. किती वेळा सांगितलं."

"बरं बाई. आमचा मक्याही असाच होता. वरणभाताचा घास म्हणून घेईल तर शपथ! आई रडकुंडीला यायची. मग मी काय करायची, कैरीच्या लोणच्याच्या खारात बोट बुडवायची आणि भातावरून नुसतं फिरवायची. खार पोटात जायचाच नाही फारसा. वास आला की कारटं मटामटा गिळायचं."

तेवढ्यात ट्यूबलाइटमागे पाल चुकचुकली. अनघाबाईंनी टेबलावर बोट आपटून "कृष्ण कृष्ण" म्हटलं.

स्मिता वर बघत राहिली. इतरांच्या मनात पाल चुकचुकते ती शंकेची. हिच्या मनात चुकचुकली ती उत्तर घेऊन. तिने मिस ओंगना फोन लावला. रानातली कॉर्न स्नेकची पिल्लं काय खातात? पलीकडे पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज झाला.

"छोटे सरडे, पाली. पण जिवंत पाल नाही हं द्यायची!"

"पाल नको. मला तिचा फक्त वास हवाय."

पुढचा अर्धा तास त्या फ्लॅटमध्ये जे घडलं ते पद्माकर ऑफिसात असल्यामुळे त्याचं बघायचं हुकलं. सून स्टुलावर, सासू खाली केरसुणी घेऊन. "डावीकडे गं! पडद्यामागे!" पाल निसटली ती निसटलीच, पण जाताना शेपूट टाकून गेली. जमिनीवर वळवळणारं ते शेपूट अनघाबाईंनी स्वतः स्टीलच्या डबीत घेतलं, चेहरा वाकडा करून, पण घेतलं.

"आता हे फ्रीझरमध्ये ठेवायचं," स्मिता म्हणाली. "जंत-बिंत असतील तर मरायला हवेत."

"माझ्या ओल्या खोबऱ्याशेजारी?"

"आई, मक्यासाठी."

सकाळी स्मिताने फ्रीझर उघडला तेव्हा डबीवर चिठ्ठी चिकटवलेली होती: मक्याचं लोणचं. कुणी हात लावू नये.

शनिवारी डॉक्टरांच्या आधीच ती डबी घेऊन केंद्रात पोचली. उंदराचं पिल्लू गरम केलं, शेपटी त्याच्या नाकावरून, डोक्यावरून चोळली आणि चिमट्याने पुढे धरलं. मक्याने जीभ बाहेर काढली. आत घेतली. पुन्हा काढली, पुन्हा, भराभर. दारात डॉक्टर बॅग घेऊन उभे होते; मिस ओंगनी त्यांना हातानेच थांबवलं.

मक्याने झडप घातली! इवल्याशा अंगाचे वेढे पिल्लाभोवती पडले, जबडा फाकला आणि डोक्याकडून ते हळूहळू आत सरकू लागलं. गळ्याखाली गोळा उतरताना दिसला तशी मिस ओंगनी स्मिताचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली ती उघडलीच नाही.

स्मिताने बाहेर पळत जाऊन फोन केला. "आई, जेवला!"

"जेवला?" पलीकडून असा आवाज आला की शेजारच्या चिनी आजींनीही दार उघडलं असणार. "अरे वा रे माझ्या पठ्ठ्या!"

त्यानंतर मक्याला लोणचं कमी कमी लागत गेलं. पुण्याला परतायच्या आधी अनघाबाई हट्टाने केंद्रात आल्या. पर्स छातीशी धरून मक्याच्या काचेच्या पेटीपासून चांगल्या लांब उभ्या राहिल्या. मक्या आता अंगाने भरला होता, केशरी रंग झळकत होता. स्मिताने नुसतं, बिनवासाचं पिल्लू पुढे केलं. त्याने ते एका झडपेत घेतलं.

अनघाबाई एक पाऊल पुढे आल्या. मग आणखी एक. शेवटी नाक काचेला टेकलं.

"शहाणा आहे हो," त्या म्हणाल्या. "आमचा मक्या अजून लोणच्याशिवाय जेवत नाही."