स्वल्प बरं

मी गादी आहे, पण कापसाची नव्हे. माझ्या पोटात हवेच्या नळ्या आहेत. पंप एक फुगवतो तेव्हा शेजारची बसते. ज्यांना कूस बदलता येत नाही, त्यांच्या अंगावर एकाच जागी दाब येऊन जखम होऊ नये, एवढंच माझं काम.

एका कंपनीच्या निधीतून मी चिकपेटजवळच्या छोट्या संस्थेत आले. गोजराअक्का माझ्यावर निजल्या. साड्यांच्या दुकानाच्या जिन्यावरून पडल्यापासून मानेखालचं अंग त्यांचं राहिलं नव्हतं. पाठीला जखमा होत्या. त्या हळूहळू भरल्या.

संस्था चालवणाऱ्या संयोगिताताई रोज त्यांना वळवून बघायच्या.

"अक्का, पाठ अगदी कोरी."

"हळू बोल गं. तुझीच दृष्ट लागायची."

छान आहे असं तोंडाने म्हणायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. कुणीही विचारलं तरी उत्तर एकच, थोडंसं या अर्थाच्या इथल्या कानडी शब्दाने: "स्वल्प बरं."

वर्षाने कंपनीकडून शार्दूल आला. पुण्याचा, नुकताच या शहरात, मारतहळ्ळीत राहायला आलेला. मुलगा चांगला होता. वाकून, मराठीत बोलला.

"आजी, गादीने कितपत फरक पडला?"

"स्वल्प."

"फक्त स्वल्प?"

"स्वल्पच म्हणायचं, बाळा."

त्याने तेच टिपून घेतलं. मग ताईंना विचारलं, "बरं होऊन इथून चालत कोण गेलं?"

"कुणी नाही. पण नव्या जखमाही झाल्या नाहीत."

"न झालेली जखम वर कशी दाखवू, मॅडम?"

निधी थांबला. त्याच पैशावर ठेवलेल्या मदतनीस बाई गेल्या. मग माझा पंप बंद पडला. ताईंनी शार्दूलला फोन करून अक्कांच्या 'स्वल्प'चा अर्थ सांगितला.

"चूक माझी आहे, ताई. पण निर्णय झालाय. नव्या वस्तूसाठी पुढच्या वर्षी अर्ज करता येईल, दुरुस्तीसाठी नाही."

आता मी फळीसारखी सपाट पडून आहे. ताई एकट्या, त्यांची कंबर धरलेली. जमेल तेव्हा अक्कांना वळवतात. माकडहाडापाशी कातडी फाटली आहे. अक्कांना तिथलं काही कळत नाही. चादरीतून झिरपणारी ओल मला कळते. कालपासून त्यांना ताप आहे.

अक्कांसाठी काही मागावं, अशी आशा मला उरलेली नाही. पण निधी देणाऱ्यांनो, दुसऱ्या कुणाकडे जाल, तेव्हा नुसतं विचारून परत फिरू नका. हात लावा, त्यांना कुशीवर वळवा आणि पाठ बघा.